उद्यापासून माझं मॅगझिन बेकायदा ठरेल का?

प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेत ग्रीन कार्डवर राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांकडे रीतसर घेतलेलं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल आहे. त्याची सतरा गोळ्यांची चार मॅगझिनं, म्हणजे पिस्तुलात बसणाऱ्या गोळ्यांच्या डब्या, आहेत, शिवाय ब्रेस (मनगटाला बांधायचा आधार) लावलेलं दुसरं एक पिस्तूल आहे. त्यांच्या राज्यात दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर आणि बंदुकीच्या काही जोडसामानावर बंदी घालणारं विधेयक आलंय. ते विचारतात, मी गुन्हेगार ठरेन का? आत्ताच आणखी मॅगझिनं घेऊन ठेवू का? आणि डिसेंबरात पुण्याला जातोय, तोवर हे सगळं शेजारच्या राज्यातल्या मित्राकडे ठेवलं तर चालेल का?

मी न्यू जर्सीत बरीच वर्षं पिस्तूल चालवायला शिकवतो आणि शनिवार-रविवार नेमबाजीच्या रेंजवर सुरक्षा अधिकारी म्हणून उभा असतो. वकील नाही. पण असे कायदे येताना, लागू होताना, कोर्टात अडकताना आणि सुटताना मी जवळून पाहिलेत. माझ्या रेंजवरच्या माणसांनी ते सोसलेत. त्यामुळे तुमची झोप का उडाली असेल ते मला कळतं.

राज्याचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत. म्हणून पहिलं काम तुम्हालाच सांगतो: विधेयकाचा मूळ मजकूर उघडा आणि त्यात क्रियापद शोधा. बातमीत सरसकट ‘बंदी’ एवढंच येतं. कायद्यात मात्र विकणं, बनवणं, राज्यात आणणं, दुसऱ्याला देणं आणि बाळगणं ही वेगवेगळी कृत्यं आहेत, आणि तुमचं सगळं भवितव्य शेवटच्या शब्दावर आहे. ‘बाळगणं’ यादीत नसेल तर तुमची चार मॅगझिनं बहुधा तुमच्याकडेच राहतील.

वॉशिंग्टन राज्याने १ जुलै २०२२ पासून दहापेक्षा जास्त गोळ्यांची मॅगझिनं बनवणं, विकणं आणि राज्यात आणणं बंद केलं. आधीपासून ज्यांच्याकडे होती त्यांना ती ठेवता येतात. पण त्या कायद्यातली एक बारीक ओळ तिथल्या रेडमंड-बेलव्ह्यूच्या आपल्या मंडळींपैकी फार थोड्यांनी वाचलेली असते. राज्याबाहेर नेमबाजीला गेलात आणि परत आलात तर चालतं, मात्र नेलेलं मॅगझिनच परत आणलेलं असलं पाहिजे. शेजारच्या आयडाहो राज्यात एक विसरलं, म्हणून तिथेच तसलंच दुसरं घेतलं, तर ते ‘आणणं’ झालं. तिकडच्या ओळखीच्या एका नेमबाजाने आपल्या प्रत्येक मॅगझिनच्या तळपट्टीवर रंगाने क्रमांक घातलेत. मला ते फार आवडलं.

आमच्या न्यू जर्सीत याच्या उलट झालं. इथे १९९० पासून पंधरा गोळ्यांची मर्यादा होती. जून २०१८ मध्ये ती दहावर आणली, आणि नुसती विक्री नव्हे, बाळगणंही गुन्हा केला. मुदत १८० दिवसांची, म्हणजे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. पर्याय असे: मॅगझिन कायमचं दहावर आणा, निकामी करा, ज्याला ते कायद्याने ठेवता येतं अशाला द्या, किंवा पोलिसांकडे जमा करा. नाहीतर चौथ्या श्रेणीचा गुन्हा, अठरा महिन्यांपर्यंतची कैद. भरपाई म्हणून एक छदामही नाही.

त्या नोव्हेंबरातली एक संध्याकाळ मी विसरलेलो नाही. एडिसनचे एक निवृत्त काका कापडी पिशवीतून अकरा मॅगझिनं घेऊन आले. सगळी पंधराची, सगळी पावतीची. आम्ही टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं. तळपट्टी सरकवायची, आतली स्प्रिंग उडू नये म्हणून अंगठा दाबून धरायचा, दहाच गोळ्या मावाव्यात म्हणून प्लॅस्टिकचा ठोकळा बसवायचा, तळपट्टी परत लावून इपॉक्सी (घट्ट चिकटणारा गोंद) भरायची आणि वरून रिव्हेट मारायचा, म्हणजे पुन्हा उघडता येणार नाही. इपॉक्सी सुकल्यावर दुसऱ्या दिवशी तपासणी: दहा डमी काडतुसं भरायची आणि अकरावं घालून बघायचं. काकांनी प्रत्येक मॅगझिनमध्ये अकरावं काडतूस अंगठा पांढरा होईस्तोवर दाबून पाहिलं. आठ मॅगझिनं झाली. तीन इतकी जुनी होती की त्यांच्या मापाचा ठोकळा कुठे मिळेना. ती त्यांनी पोलिस ठाण्यात नेऊन दिली आणि पावती घेतली. परतताना गाडीत म्हणाले, “दुकानदाराने कायद्याने विकलं, मी कायद्याने घेतलं, सत्तावीस वर्षं कपाटात कुलपात ठेवलं. मग मी नेमकं काय केलं?”

माझ्या मते बंदूकमालकांच्या सगळ्या चिंतांचं मूळ या प्रश्नात आहे. ठोकळा बसवायला पंधरा मिनिटं लागतात आणि खर्च थोडका. कालपर्यंत जे करायला सरकारनेच परवानगी दिली होती, तेच आज गुन्हा ठरतं, आणि मधल्या काळात आपण काहीही वेगळं केलेलं नसतं, हे माणसाला झोंबतं. १९९४ च्या संघराज्य कायद्याने दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिनं बंद केली, पण आधी बनलेल्यांना हात लावला नव्हता. तो कायदा दहा वर्षांनी, २००४ मध्ये, आपोआप संपला. आता राज्यांच्या विधेयकांत ही सवलत कधी असते, कधी नसते. तुमच्या विधेयकात नसेल तर आमदाराला लिहिण्याचा पहिला मुद्दा हाच.

दुसरी चिंता व्याख्यांची. इथे बंप स्टॉकचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते चालतं कसं हे फार कमी जणांना ठाऊक असतं. साधी अर्धस्वयंचलित रायफल एकदा ट्रिगर ओढला की एक गोळी सोडते. बंप स्टॉकमध्ये बंदूक दस्त्याच्या आत पुढे-मागे सरकते. उजवं बोट एका कडेवर स्थिर ठेवायचं आणि डाव्या हाताने बंदूक पुढे रेटायची. गोळी सुटली की धक्क्याने ती मागे जाते, ट्रिगर बोटापासून सुटतो, डावा हात तिला पुन्हा पुढे आणतो आणि ट्रिगर बोटावर आपटतो. बोट जागचं हलत नाही, ट्रिगर मात्र प्रत्येक गोळीला वेगळा दाबला जातो. १ ऑक्टोबर २०१७ ला लास व्हेगासमध्ये याच साधनाने दहा-अकरा मिनिटांत हजाराहून जास्त गोळ्या झाडल्या गेल्या. साठ माणसं गेली.

त्यानंतर संसदेने कायदा केला नाही. बंदुकांचं नियमन करणाऱ्या संघराज्य विभागाने, एटीएफने, आपल्याच आधीच्या मताविरुद्ध जाऊन डिसेंबर २०१८ मध्ये नियम काढला की बंप स्टॉक म्हणजे मशीनगन. मार्च २०१९ पर्यंत ते मोडा किंवा जमा करा, पैसे मिळणार नाहीत. टेक्सासमधल्या ऑस्टिनचे दुकानदार मायकल कारगिल यांनी दोन बंप स्टॉक जमा केले आणि दावा ठोकला. १४ जून २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो नियम रद्द केला. कायद्याचे शब्द आहेत ‘ट्रिगरच्या एका क्रियेत’ एकापेक्षा जास्त गोळ्या, आणि इथे प्रत्येक गोळीला ट्रिगरची वेगळी क्रिया होते, असं बहुमताचं म्हणणं. न्यायमूर्ती अलिटोंनी सोबतच लिहिलं की संसद कायदा बदलून यावर बंदी घालू शकते.

मला विचाराल तर बंप स्टॉकवर बंदी हवी, आणि ती संसदेनेच घालायला हवी. रेंजवर मी एकदा एका पाहुण्याच्या हातात तो पाहिला होता. पहिल्या तीन गोळ्यांनंतर नळी कुठे जातेय यावर त्याचा काहीच ताबा राहिला नाही. मी हात वर करून गोळीबार थांबवला. ज्या साधनाने नेम सुटतो, ते नेमबाजाच्या काय कामाचं? पण विभागाने परिपत्रकाने गुन्हा जन्माला घालायचा आणि पाच वर्षांनी न्यायालयाने तो पुसायचा, यात मोडून टाकलेलं सामान कुणाला परत मिळत नाही आणि कायद्यावरचा विश्वासही उडतो.

तुमच्या ब्रेसची कथा तर याहून वाकडी. २०१२ मध्ये, एका हाताने जड पिस्तूल धरणं अशक्य झालेल्या अपंग माजी सैनिकासाठी हा मनगटाला बांधायचा आधार बनवला गेला आणि एटीएफने त्याला मान्यता दिली. पुढच्या दहा वर्षांत लाखो लोकांनी तो घेतला. बरेच जण तो खांद्याला टेकवून वापरतात हेही खरं, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. जानेवारी २०२३ मध्ये नियम आला की असं बहुतेक पिस्तूल म्हणजे सोळा इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल. ३१ मे २०२३ पर्यंत नोंदणी करा, ब्रेस काढा, लांब नळी बसवा, नाहीतर जमा करा किंवा मोडा. अडीच लाखांच्या आसपास लोकांनी नोंदणीचे अर्ज भरले, उरलेल्या बहुतेकांनी भरले नाहीत, आणि जून २०२४ मध्ये टेक्सासच्या संघराज्य न्यायालयाने तो नियमच रद्दबातल केला. ज्यांनी आज्ञाधारकपणे अर्ज भरले, त्यांची नावं नोंदवहीत गेली ती गेलीच. ‘नोंदणी करा’ म्हटलं की लोक का बिचकतात, ते इथे दिसतं. तुम्ही मात्र राज्याच्या विधेयकातली ‘पिस्तूल’ आणि ‘असॉल्ट वेपन’ यांची व्याख्या वेगळी काढून वाचा. केंद्रातला नियम गेला म्हणून राज्यात सुटका होतेच असं नाही. इलिनॉयने जानेवारी २०२३ च्या कायद्यात काही सुट्या जोडसामानालाही हात घातला आहे.

आता मॅगझिन हे ‘शस्त्र’ की ‘जोडसामान’, या वादाकडे या, कारण तुमचं विधेयक मंजूर झालं तर कोर्टात लढाई यावरच होईल. अमेरिकेच्या राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती ‘शस्त्रं’ बाळगण्याचा हक्क सांगते. वस्तू शस्त्रच नसेल तर तो हक्क तिला लागू होत नाही. मार्च २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बंदीवर नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या) संघराज्य अपील न्यायालयाने सात विरुद्ध चार मतांनी म्हटलं की मोठं मॅगझिन शस्त्र नाही, आणि बंदूक चालायला आवश्यक असं जोडसामानही नाही, कारण दहाच्या मॅगझिननेही बंदूक चालतेच. न्यायमूर्ती व्हॅनडाइक यांनी विरोधी मतासोबत चक्क चित्रफीत जोडली. त्यात ते आपल्या दालनात बंदुकांचे भाग हाताळत दाखवतात, की या न्यायाने बंदुकीचा कुठलाही सुधारित भाग ‘जोडसामान’ ठरवता येईल. मे २०२५ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही राज्य सरकारच्याच बाजूने निकाल दिला. थोडक्यात, या निकालांत वारं मॅगझिन-मर्यादेच्या विरोधकांकडे वाहिलेलं नाही. दुकानदार ‘कोर्ट उद्या उडवून लावेल’ म्हणतो, त्यावर विसंबू नका. वॉशिंग्टनमध्येच एप्रिल २०२४ मध्ये एका काउंटी न्यायाधीशाने बंदी रद्द केली, दुकानासमोर गर्दी झाली, आणि दीडेक तासात वरून स्थगिती आली.

समोरच्या बाजूचं म्हणणंही मनापासून ऐका. जानेवारी २०११ मध्ये टूसॉनला बंदूकधाऱ्याने तेहतीस गोळ्यांचं मॅगझिन रिकामं केलं. सहा जण मेले, त्यात नऊ वर्षांची एक मुलगी होती. तो मॅगझिन बदलत असताना लोकांनी त्याला पाडलं आणि एका बाईने दुसरं मॅगझिन हिसकावलं. मर्यादा मागणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तो क्षण असतो. मी वर्गात हा प्रसंग सांगतो तेव्हा खोली गप्प होते. मला स्वतःला दहाची मर्यादा नेमबाज म्हणून फारशी अडली नाही. अडला तो एका रात्रीत गुन्हेगार करण्याचा रस्ता.

सायलेन्सरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण अशा विधेयकांत तो असतो, म्हणून दोन शब्द. सिनेमात ऐकू येतो तसा ‘फुस्स’ आवाज विसरा. बंदुकीचा आवाज १४० ते १६५ डेसिबलच्या घरात जातो, चांगला सप्रेसर (सायलेन्सरचंच दुसरं नाव) त्यातले वीस ते तीस कमी करतो. राहिलेलाही कान दुखावणाराच असतो. माझ्या डाव्या कानात गेली कित्येक वर्षं रात्री बारीक शिट्टी वाजते, म्हणून हा विषय मला जवळचा आहे. १९३४ पासून त्यावर दोनशे डॉलर कर होता, तो १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला. पण बोटांचे ठसे, फोटो, अर्ज आणि नोंदणी तशीच राहिली. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, अशी आपली माणसं जिथे जास्त आहेत त्या बऱ्याच राज्यांत तो सामान्य नागरिकाला ठेवताच येत नाही. ‘केंद्राने मोकळं केलं’ असा संदेश फिरतोय, तो वाचून ऑनलाइन मागवू नका.

आणि हे तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं, कारण तुम्ही नागरिक नाही. देशाबाहेर काढण्याची कारणं सांगणाऱ्या स्थलांतर कायद्याच्या कलमात, बंदुकीच्या गुन्ह्यासंबंधी ‘शस्त्र, भाग किंवा ॲक्सेसरी’ असे शब्द आहेत, संघराज्य व्याख्येनुसार बंदूक ठरणाऱ्या वस्तूंसाठी. सायलेन्सर त्या व्याख्येत थेट येतो, बंदुकीची रिसीव्हर, म्हणजे बाकीचे भाग ज्यात बसतात तो मुख्य सांगाडा, येते. रिकामं मॅगझिन सहसा येत नाही, पण आरोप कसा लिहिला जातो त्यावर पुष्कळ अवलंबून असतं. जन्माने अमेरिकन असलेला तुमचा शेजारी जो आरोप कबूल करून दंड भरून घरी जाईल, त्याच कबुलीने तुमचं ग्रीन कार्ड धोक्यात येऊ शकतं. म्हणून कधी नोटीस आली, साधी वाटली तरी, काहीही कबूल करण्याआधी स्थलांतराचा वकील गाठा. फौजदारी वकील एकटा पुरत नाही.

याला लागूनच, घरी कुणी एच-वन किंवा एच-फोर व्हिसावर असेल तर त्याला तुमच्या बंदुका आणि काडतुसं हाताळू देऊ नका. बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला संघराज्य कायद्याने दोन्ही बाळगायला मनाई आहे. नेहमीचा अपवाद म्हणजे चालू असलेला शिकारीचा परवाना. रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूलही हातात आलं की ‘बाळगणं’ ठरू शकतं. वीकेंडला ऑफिसची पोरं हौसेने येतात, तेव्हा आधी मी व्हिसा विचारतो. त्यांना राग येतो, येऊ दे.

आणखी मॅगझिनं घ्यावीत का? घाईने नाही. बाळगण्यावरच बंदी आली तर तुमचं ओझं वाढेल आणि पैसे बुडतील. नुसती विक्री बंद होणार असेल तर हातातली चार तुम्हाला पुरतात. त्यापेक्षा आज संध्याकाळी चारही मॅगझिनांचे फोटो काढा, पावत्या शोधा, क्रमांक घाला. मग विधेयक ज्या समितीपुढे आहे तिचं वेळापत्रक बघा. वॉशिंग्टनसारख्या काही राज्यांत घरबसल्या ‘विरोध’ किंवा ‘पाठिंबा’ नोंदवता येतो आणि ऑनलाइन साक्षही देता येते. बोलायला दोनेक मिनिटं मिळतात. ‘आमचा हक्क’ हे तिथे शंभर जण म्हणतात. तुम्ही कलम वाचून सांगा: आधीची मॅगझिनं ठेवू द्या किंवा भरपाई द्या, ठोकळा बसवण्याचा पर्याय लेखी मान्य करा, एक वर्षाची मुदत द्या, अपंगांच्या ब्रेसला सूट द्या. २०१८ मध्ये मी एका आमदाराला काकांचं ते ठोकळा बसवलेलं मॅगझिन हातात दिलं होतं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “हे पुन्हा उघडत नाही?” तोवर त्यांनी मॅगझिन कधी हातातही घेतलं नव्हतं.

मित्राकडे ठेवण्याबद्दल. दुसऱ्या राज्यातल्या रहिवाशाच्या ताब्यात पिस्तूल देणं म्हणजे आंतरराज्य हस्तांतर. ते परवानाधारक दुकानदारामार्फतच करावं लागतं, नाहीतर तुम्ही दोघंही संघराज्य कायद्यात अडकाल. कुलूपबंद पेटीत ठेवून किल्ली तुमच्याकडेच राहिली तर प्रश्न वेगळा, पण त्या भानगडीत पडण्यापेक्षा आपल्याच घरातल्या सेफमध्ये ठेवा. रिकामी मॅगझिनं हलवायची तर दोन्ही राज्यांचा कायदा आधी वाचा. प्रवासात बंदूक कुलूपबंद नेणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या संघराज्य कलमात मॅगझिनचं नावही नाही.

आणि पुण्याला जाताना रेंजवर नेता ती बॅग मुळीच नेऊ नका. वर सांगितलेल्या कॅलिफोर्नियाच्या निकालात मोठं मॅगझिन शस्त्र ठरलं नाही, पण आपल्याकडच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच सुटे भाग येतात. अमेरिकेतून ते बाहेर नेण्याचे निर्यात-नियम वेगळेच. बॅगेच्या अस्तरात राहिलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं की गुन्हा नोंदतात. ते ठाऊक असताना बाळगलं नव्हतं हे उच्च न्यायालयात पटवून लोक सुटलेतही, पण तोवर सुट्टी, तिकीट आणि घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. दुसरी बॅग घ्या. ती नसेलच तर हिचे सगळे कप्पे उघडा, अस्तर चाचपा, उलटी करून फरशीवर जोरात झटका आणि खाली काय पडलं ते बघा.